इन्ग्रिडला मराठी कुठे येत होतं?

(गोथेनबर्गला राहणाऱ्या एका वाचकाचं पत्र, थोडक्यात: मैत्रिणीच्या आग्रहाने ती दोन दिवसांच्या लार्पला, म्हणजे भूमिका जगण्याच्या खेळाला, गेली. संहिता नाही, प्रेक्षक नाहीत. वाट्याला आलेलं पात्र घेऊन इंग्रजीत जगायचं. तिच्या वाट्याला इन्ग्रिड आली, मोडत चाललेल्या संसारातली. तीन आठवडे उलटले, पण खेळात नवरा झालेला माणूस डोक्यातून जात नाही. खऱ्या नवऱ्याची काहीच चूक नाही. ‘मी वाईट बाई आहे का?’)

अगं, वाईट बाई वगैरे राहू दे. तुझं पत्र दोनदा वाचलं. त्यातलं निम्मं त्या माणसावर खर्च झालंय: त्याचे हात, त्याचा आवाज, निघतानाची मिठी. त्यात मला काही सापडलं नाही. सापडलं ते शेवटाकडे, कंसात. ‘भांडणाच्या सीनमध्ये एक वाक्य माझ्या तोंडून मराठीतच निघालं, नंतर सगळे खूप हसलो.’

वाक्यही दिलंयस. ‘मला एकदा तरी विचारलंस का?’

आता सांग, इन्ग्रिडला मराठी कुठे येत होतं?

या खेळातले लोक ‘अ‍ॅलिबाय’ म्हणतात ना, की जे केलं ते पात्राने, मी नव्हेच? तुझी ती सोय त्या वाक्यापाशी संपली. खेळानंतर गोल करून बसलात तेव्हा तुला कुणीतरी ‘ब्लीड’ समजावलं, म्हणजे पात्राच्या आणि खेळणाऱ्याच्या भावना एकमेकांत झिरपणं. २००७ साली एमिली केअर बॉस या अमेरिकन गेम डिझायनरने आणलेला शब्द. आपल्याकडे कच्च्या रंगाची साडी बादलीत पडली की शेजारचा सदरा गुलाबी होतो, तसंच ते. फक्त इथे रंग दोन्हीकडून लागू शकतो. तुला वाटतंय इन्ग्रिडचा रंग तुला लागला. मला वाटतं, तुझाच तिला लागला.

आणि तो माणूस? एक अक्षर कळत नसताना तो बोलायचा थांबला आणि तुझ्याकडे बघत राहिला. एवढंच केलंन त्याने! ते तुला तीन आठवडे पुरलं, यावरून घरी काय चाललंय ते मला कळलं.

नवरा ‘फार चांगला, दोन दिवस मुलांना एकट्याने सांभाळलं.’ बरं मग, स्वतःची मुलं सांभाळली म्हणून शाल-श्रीफळ देऊ या त्याला? सात वर्षांपूर्वी याच चांगल्या माणसाने स्वीडनची नोकरी स्वीकारली आणि मग तुला फोन केला. तू पुण्यातलं कॉलेज सोडलंस. तेही एका ओळीत उरकलंस, ‘तेव्हा तसं ठरलं’ म्हणून. कुणी ठरवलं गं?

त्या दुसऱ्याला मेसेज करू नकोस. पुढच्या लार्पला नावही नोंदवू नकोस, इतक्यात तरी. या शुक्रवारी तुमचं ते चिप्स खात टीव्ही बघणं आटोपलं, मुलं झोपली, की तेच वाक्य नवऱ्याला म्हण. त्याच शब्दांत. प्रस्तावना नको, ‘रागावणार नाहीस ना’ नको. खेळात कुणी ‘कट’ म्हटलं की सगळे जागच्या जागी थांबतात. तो म्हणेल, ‘झोप आता, उद्या बोलू.’ हा कट मानायचा नाही. दिवा लाव आणि परत विचार.