घरचे नको म्हणतात, तरी क्रेडिट कार्ड घ्यावं का?

तुम्ही लिहिलंय की मालवणात नोकरीला लागून वर्ष झालं, बँक कार्ड द्यायला तयार आहे आणि घरचे म्हणतात, "कार्ड म्हणजे कर्ज, दारात उभं करू नको." पॉइंट, अडीअडचण आणि रोजचा खर्च या तिन्हींसाठी ते शहाणपणाने कसं वापरावं, हा तुमचा प्रश्न. पॉइंटांचं शेवटी सांगते, त्यांना फार किंमत नाही. "कार्ड म्हणजे कर्ज" हे मात्र मी आमच्या घरात इतकी वर्षं ऐकत आलेय की आधी त्याच्याबद्दलच बोलते.

कार्ड घ्या. पण ते कशासाठी आहे हे डोक्यात पक्कं करून घ्या. कार्ड तारखेची अडचण सोडवतं, पैशाची सोडवत नाही. पैसे आहेत पण आज हातात नाहीत, महिनाभरात नक्की येणार आहेत, एवढ्याचसाठी ते वापरायचं. पैसेच नसतील तर सोनेतारण करा, पतपेढीत जा, भावाकडे मागा. यातलं काहीही कार्डापेक्षा स्वस्त पडेल.

आमचं घर गुहागर तालुक्यात. हापूसची कलमं आहेत आणि मी घरीच पर्यटकांची राहण्या-जेवणाची सोय करते. मला पगार नाही, त्यामुळे कोणतीही बँक सरळ कार्ड देईना. मग पाहुण्यांकडून आलेल्या पैशांतून पंचाहत्तर हजारांची एफडी केली आणि त्या एफडीवर कार्ड घेतलं, साठ हजारांच्या लिमिटचं. पगाराची स्लिप नसलेल्यांना हा मार्ग बँकेत कोणी आपणहून सांगत नाही, विचारावा लागतो. एफडीवर व्याज मिळत राहतं, फक्त कार्ड चालू आहे तोवर ती मोडता येत नाही. मोठ्या भाऊजींना हे कळलं तेव्हा ते जेवणाच्या पंगतीत सगळ्यांदेखत म्हणाले, "बाईच्या हातात कार्ड आलं, आता सातबाऱ्यावर बोजा चढायला वेळ लागणार नाही."

हेच भाऊजी दरवर्षी मोहोर यायच्या आधी वाशीच्या दलालाकडून उचल घेतात. फवारणी, राखणदार, पेट्या, सगळं त्या उचलीवर. तिला घरात कोणी कर्ज म्हणत नाही. का, तर ती वडिलांच्या वेळेपासून चालत आली आहे आणि दलालाला सगळे शेट म्हणतात.

त्या वर्षी ऐन आषाढात, दिवेलागणीला, मामंजींच्या छातीत कळ आली. दरदरून घाम, डावा हात जड. गाडी करून चिपळूणला नेलं. तिथल्या डॉक्टरांनी ईसीजी काढला, गोळ्या दिल्या आणि वेळ न घालवता कराडला न्या म्हणाले. कुंभार्ली घाटात पाऊस आणि धुकं इतकं की रुग्णवाहिका पावलापावलाने चढत होती. मी मागे मामंजींजवळ, हे पुढे बसून फोनवर फोन करत होते. घरात रोख होती ती गाडीभाड्यात आणि चिपळूणच्या औषधांत संपत आली होती. पावसात आमच्याकडे पर्यटक नसतात. आंब्याच्या शेवटच्या गाड्यांचे पैसे दलालाकडे होते, पट्टी, म्हणजे विक्रीचा हिशेब, यायची होती. माझी दुसरी ठेव गावच्या पतपेढीत, आणि पतपेढी सकाळी दहाला उघडते. म्हणजे आम्ही काही भिकेला लागलो नव्हतो. सगळे पैसे आमचेच होते, फक्त त्या रात्री एकही रुपया हलवता येत नव्हता.

कराडला काउंटरवर पन्नास हजार डिपॉझिट सांगितलं. महात्मा फुले जनआरोग्य योजनेचं विचारलं, तर ते रुग्णालय त्या योजनेत नव्हतं, आणि तशा अवस्थेत माणसाला दुसरीकडे हलवायला डॉक्टर तयार नव्हते. ह्यांनी भाऊजींना फोन लावला. भाऊजी म्हणाले, थांबा, शेटशी बोलतो. थोड्या वेळाने त्यांचा फोन आला, शेट म्हणाले सकाळी बघू. मी पर्समधून कार्ड काढलं, पिन टाकला, पावती निघाली. मामंजींना आत घेतलं आणि रात्रीच स्टेंट बसली. आज ते रोज सकाळी परसात फिरून येतात, नारळ सोलतात, आम्ही नको म्हटलं तरी सोलतात.

उरलेलं बिल पतपेढीतली ठेव मोडून आणि माझ्या भावाने पाठवलेल्या पैशांतून भागवलं. कार्डाचं स्टेटमेंट निघायला अजून अवकाश होता आणि ड्यू डेट, म्हणजे पैसे भरायची शेवटची तारीख, त्याच्याही पुढे. तोवर पट्टी आली. मी पन्नास हजार भरले, पूर्ण. गणपतीत मुंबईहून सगळे चाकरमानी आले. आरती झाल्यावर ओटीवर बसून भाऊजींनी त्यांना सांगितलं, "बाबांच्या दुखण्याला सुनेने कर्ज काढलं." मी आतून स्टेटमेंट आणलं आणि त्यांच्यासमोर ठेवलं. फायनान्स चार्जेसच्या पुढे शून्य होतं. म्हटलं, भाऊजी, माझ्या कर्जाचं व्याज इथे लिहिलंय, तुमच्या उचलीचं कुठे लिहिलेलं असतं ते दाखवा. त्यांनी कागद वाचला नाही.

उचलीचं व्याज लिहिलेलं नसतं, कारण ते भावातून जातं. उचल घेतली की माल दुसरीकडे पाठवायची सोय उरत नाही. पेटीला काय भाव लागला ते आपल्याला मागाहून पट्टीवर कळतं आणि भाडं, हमाली वगैरे कापून हातात जे येतं ते आपलं. ज्या कर्जाचा दर कागदावर आहे ते मला, ज्याचा नाही त्याच्यापेक्षा, केव्हाही कमी भीतीचं वाटतं.

आता कार्डाच्या कागदावर काय लिहिलेलं असतं ते बघा, कारण तेही लहान अक्षरात असतं. व्याज साधारण महिन्याला साडेतीन टक्क्यांच्या आसपास, म्हणजे वर्षाला बेचाळीसच्या घरात. पन्नास हजार मी महिनाभर थकवले असते तर १,७५० रुपये व्याज आणि त्यावर १८ टक्के जीएसटी ३१५, म्हणजे २,०६५ रुपये गेले असते. व्याजाला वरची मर्यादाही नाही. राष्ट्रीय ग्राहक आयोगाने २००८ मध्ये ३० टक्क्यांच्या वरचं व्याज अनुचित ठरवलं होतं, तो निर्णय सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२४ मध्ये रद्द केला.

"मिनिमम अमाउंट ड्यू", म्हणजे कमीत कमी भरायची रक्कम, हा आकडा डोळ्याला दिसू देऊ नका. तेवढा भरला की लेट फी लागत नाही, एवढंच. व्याज लागतंच, आणि ते उरलेल्या रकमेवर ड्यू डेटपासून नव्हे, तर खरेदी केली त्या दिवसापासून धरतात. शिवाय जुनी बाकी संपेपर्यंत नव्या खरेदीलाही बिनव्याजी दिवस मिळत नाहीत. म्हणून बँकेत जाऊन संपूर्ण रकमेचं ऑटो डेबिट लावून घ्या. फॉर्मवर "मिनिमम" आणि "टोटल" असे दोन पर्याय असतात, टोटलवर खूण करा. आणि कार्डाने एटीएममधून रोकड काढू नका. तिथे बिनव्याजी एक दिवसही नसतो, वर फी वेगळी.

तुम्ही अडीअडचणीचं विचारलंत, तर आपल्याकडच्या अडचणी दोन तऱ्हेच्या. बाहेरगावच्या अडचणीला, म्हणजे कोल्हापूर, कराड, किंवा तुम्हाला जवळ पडणारं गोवा, तिथे कार्ड चालतं. गावातल्या अडचणीला चालेलच असं नाही. माझं माहेर दापोलीकडचं. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं, खांब आडवे झाले आणि वीज कित्येक आठवडे नव्हती. रेंज नाही, मशीन नाही, एटीएम नाही. पत्रे आणि कौलं रोखीने घ्यावी लागली, ज्याच्याकडे रोख होती त्याचं घर आधी शाकारलं गेलं. २२ जुलै २०२१ ला चिपळूणची बाजारपेठ पाण्याखाली गेली तेव्हाही तेच. त्यामुळे लिमिट लाखाचं असलं तरी घरात थोडी रोख ठेवा, आणि ती तळमजल्यावर ठेवू नका.

रोजच्या खर्चाला रुपे कार्ड घ्या. ते २०२२ पासून यूपीआयला जोडता येतं, म्हणजे मशीन नसलेल्या दुकानातही कोड स्कॅन करून कार्डावर पैसे जातात. पण कोड दुकानाच्या खात्याचा हवा. मासळी बाजारात बऱ्याच जणींचा कोड स्वतःच्या साध्या खात्याचा असतो, तिथे कार्ड चालत नाही. कोणी मशीनवर दोन टक्के जास्त मागितले तर कार्ड परत खिशात घाला. स्टेटमेंटची तारीख पाठ ठेवा. समजा ती ५ आहे, तर ६ तारखेची खरेदी पुढच्या महिन्याच्या स्टेटमेंटवर येते आणि भरायला दीड महिन्याहून जास्त मिळतो, ४ तारखेच्या खरेदीला जेमतेम वीस दिवस. फ्रिज, पंप, इन्व्हर्टर असं मोठं काही घ्यायचं तर हे बघून घ्या.

पॉइंट. शंभर रुपयांना एक पॉइंट आणि पॉइंटची किंमत पंचवीस पैसे, अशी कार्डं पुष्कळ आहेत. पन्नास हजारांवर सव्वाशे रुपये मिळाले. वरचा २,०६५ चा आकडा यापुढे ठेवून बघा. तेवढं व्याज पॉइंटांनी भरून काढायला सव्वाआठ लाखांची खरेदी लागेल. मिळतील ते पॉइंट घ्या, पण त्यांच्यासाठी एक रुपयाही जास्त खर्च करू नका. वार्षिक फी नसलेलं साधं कार्ड पुरे. विमानतळाच्या लाउंजसाठी फी भरू नका, तुम्ही वर्षातून किती वेळा विमानात बसणार? पेट्रोलवर एक टक्का सरचार्ज माफ करणारं मिळालं तर चांगलं, मालवण-कणकवली रोज करत असाल तर त्याचा उपयोग पॉइंटांपेक्षा जास्त.

भाऊजींचा एक मुद्दा मात्र खरा आहे आणि तो मी त्यांच्या तोंडावर मान्य केलाय. अवकाळी पावसाने मोहोर गळाला त्या वर्षी दलालाने उचल पुढच्या हंगामात ओढली. बँक तशी थांबत नाही. ड्यू डेटनंतर तीन दिवसांहून जास्त झाले की थकबाकी म्हणून नोंद सिबिलला, म्हणजे कर्जफेडीच्या नोंदी ठेवणाऱ्या कंपनीला, जाते. म्हणून हंगामाचा खर्च कार्डावर टाकायचाच नाही. नोव्हेंबरची फवारणी कार्डावर आणि आंब्याचे पैसे मे महिन्यात, हा हिशेब कधीच जमणार नाही. त्यासाठी किसान क्रेडिट कार्ड आहे, आणि ते हे कार्ड नव्हे. तीन लाखांपर्यंत वर्षाला सात टक्के आणि वेळेत फेडलं तर सवलत धरून चार. भाऊजींना मी त्याचा फॉर्मसुद्धा आणून दिला होता. सातबाऱ्यावर बँकेचं नाव नको म्हणाले, पुन्हा उचल घेतली. त्यांची मर्जी, पण मग मला कर्जावरून बोलायचं नाही.

आणखी थोडं, जे आधी सांगायला हवं होतं. कार्ड नकोसं झालं आणि बाकी काही नसेल तर बँकेने सात कामाच्या दिवसांत ते बंद केलंच पाहिजे, नाहीतर दिवसाला ५०० रुपये दंड बँकेने तुम्हाला द्यायचा, असा रिझर्व्ह बँकेचा २०२२ चा नियम आहे. न विचारता लिमिट वाढवता येत नाही. तुम्ही न केलेला व्यवहार दिसला तर त्याच दिवशी बँकेला आणि १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला कळवा. ओटीपी स्वतः सांगितला असेल तर बँकेला कळवेपर्यंतचं नुकसान तुमचंच.

तुमच्या घरी मासेमारी असेल तर १ जून ते ३१ जुलै बंदीत घर तुमच्या पगारावर येणार. त्या दोन महिन्यांसाठी पैसे आधीपासून बाजूला काढा, किराणा कार्डावर ढकलू नका. आणि आज कार्ड नको म्हणणारे उद्या "मला पण एक काढून दे" म्हणतील, तेव्हा अॅड-ऑन कार्ड, म्हणजे तुमच्याच खात्यावरचं दुसरं कार्ड, कोणालाही देऊ नका. त्याचं बिल तुमच्याच नावावर येतं.