पहिलं घर वन आरके घ्यावं का?

प्रश्न : आम्ही दोघंच आहोत. डोंबिवलीत बांधकाम चालू असलेल्या इमारतीत 28 लाखांत वन आरके (एक खोली आणि स्वयंपाकघर) मिळतंय, रेरा कार्पेट (रेरा या घरखरेदीच्या कायद्यानुसार मोजलेलं घराच्या आतलं क्षेत्र) 240 चौरस फूट. घ्यावं का?

उत्तर : आधी चटई क्षेत्राचा, म्हणजेच कार्पेटचा, नकाशा मागा. रेराच्या कार्पेटमध्ये आतल्या भिंतींची जाडी धरलेली असते, बाल्कनी नसते. मग खडूने जमिनीवर खोली आखा. 10 बाय 12 च्या खोलीत 10 फुटांच्या बाजूने सव्वासहा फुटी पलंगासमोर दोन फूट खोल कपाट ठेवलं की मधे उरतात पावणेदोन फूट. कपाटाचं दार उघडताना तुम्ही उभं कुठे राहणार? सरकती दारंच लावावी लागतील. कपडे वाळत घालायची जागाही पाहा. तीच नेहमी विसरली जाते.

30 लाखांपर्यंतच्या घराला बँक जास्तीत जास्त 90 टक्के कर्ज देते. म्हणजे 2 लाख 80 हजार पदरचे, शिवाय मुद्रांक शुल्क आणि नोंदणी वेगळी. करार नोंदवण्याआधी 10 टक्क्यांहून जास्त रक्कम देऊ नका.

दोन-तीन वर्षांत मूल किंवा आईवडील सोबत येणार असतील तर आमचं मत स्पष्ट आहे : थोडं लांब जा, पण वन बीएचके घ्या. घर बदलायचं म्हटलं की मुद्रांक शुल्क पुन्हा भरावं लागतं.