आधी कंगवा, मग पनीर

“ग्रूमिंगचं नाव काढलं की आमचा कुत्रा लटपटतो, हात लावला तर अंगावर येतो. गुंगीचं औषध देऊन एकदाचं उरकून घ्यावं का?” मी कुत्र्यांच्या वागणुकीवर काम करते, त्यामुळे हा प्रश्न मला महिन्यातून दोन-तीनदा तरी येतोच. विचारणाऱ्याच्या घरी बहुधा शिह त्झू, ल्हासा नाहीतर मॉल्टीज असतो, म्हणजे ज्यांचे केस वाढतच राहतात आणि विंचरणं टाळून चालत नाही अशी मंडळी. याचं उत्तर हो किंवा नाही इतक्यात संपत नाही, म्हणून चिकूची गोष्ट सांगते. ओळख पटू नये इतपत बदल केले आहेत, नावही बदललंय.

चिकू साडेतीन वर्षांचा, पाच किलोचा शिह त्झू. घर पुण्यातलं, काकू निवृत्त शिक्षिका. मी आत पाऊल टाकलं तेव्हा तो सोफ्याखाली होता. “एक नंबरचा नाटकी आहे. हिने लाड करून डोक्यावर बसवलाय,” काका म्हणाले. काकूंनी काही न बोलता अंगठा पुढे केला. दोन दातांचे वण होते.

झालं होतं असं, की चार महिन्यांपूर्वी एका दुकानात त्याला टेबलावर गळ्यात पट्टा अडकवून उभं केलं. एक नख खोल कापलं गेलं. नखाच्या आत शीर असते, पांढऱ्या नखात ती गुलाबी दिसते, काळ्यात दिसतच नाही. आणि चिकूची नखं काळी. रक्त आलं, तरी काम तसंच पुढे रेटलं. वर ड्रायर. तो टेबलावरच मुतला. काकू काचेपलीकडून बघत होत्या. तेव्हापासून घरातसुद्धा कंगव्याचा ड्रॉवर वाजला की स्वारी सोफ्याखाली.

पहिल्या दिवशी मी कंगवा मागितलाच नाही. जमिनीवर बसले, अर्ध्या तासाने तो आपणहून जवळ आला, तेव्हा बोटांनी अंग चाचपलं. काखेत आणि कानामागे केसांच्या जटा कातडीला घट्ट धरल्या होत्या. उजव्या कानाशी बोट गेलं आणि चिकू जागच्या जागी थिजला. जीभ नाकावरून फिरली, डोळ्याच्या कडेचा पांढरा भाग दिसला, मग एक मोठी जांभई. “बघा, झोप आली त्याला,” काका म्हणाले. ती झोपेची जांभई नव्हती. कुत्रा चावण्याआधी इतकं सगळं सांगत असतो. आपल्याला ऐकू येतं ते थेट गुरगुरणं. त्यावरही काकू शिक्षिकेच्या आवाजात “चिकू, गप!” म्हणायच्या. गुरगुरण्याबद्दल कुत्र्याला कधीही रागावू नये, याबाबतीत मी हट्टी आहे. रागावलं की तो गुरगुरणं सोडतो, भीती सोडत नाही. पुढचा चावा मग न सांगता येतो.

कानाला आंबूस वास होता. व्हेटकडे पाठवलं, तर आत बुरशीचा संसर्ग निघाला. म्हणजे ‘नाटक’ निदान अर्धं तरी ठणक्याचं होतं. म्हणून माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येकाला पहिल्यांदा कान, दात आणि सांधे तपासून या असं सांगते. दुखणाऱ्या जागेला हात लावून घ्यायची सवय खाऊ देऊन लागत नाही.

आता गुंगीचं. काकूंना वाटलं मी नाही म्हणेन. मी हो म्हटलं. कातडीला चिकटलेली जट विंचरून सोडवणं म्हणजे रोज थोडं थोडं दुखवणं. शिकवायचंय काय, तर कंगवा दुखवत नाही. आणि तो तर दुखवणारच. व्हेटने त्यांच्या देखरेखीखाली गुंगी देऊन सगळे केस बारीक उतरवले, कान साफ केला. मात्र केमिस्टकडून गोळी आणून घरी द्यायचा विचार मनातून काढून टाका. चपट्या नाकाच्या कुत्र्यांना गुंगीत श्वासाचा धोका असतो. शिवाय काही औषधांनी शरीर ढिलं पडतं, भीती आत तशीच राहते. काकूंना केस उतरवलेला चिकू बघून रडू आलं. मला मात्र हायसं वाटलं, कारण केस पुन्हा विंचरण्याजोगे होईपर्यंत आम्हाला दीड-दोन महिने मिळाले होते.

कंगव्याशी खाऊची जोडी जमवायची होती. घरात मांसाहार नाही, म्हणून बिनमिठाचं पनीर ठरलं, हरभऱ्याएवढे तुकडे. आठवड्याने काकूंचा फोन: “अगं, आता तो पनीर बघूनसुद्धा पळतो!” (पहिल्या भेटीतली ‘मॅडम’ एव्हाना ‘अगं’ झाली होती.) जाऊन बघितलं तर काकू आधी पनीर दाखवून त्याला बोलवत होत्या, आणि तो आला की कंगवा काढत होत्या. पनीर म्हणजे संकटाची वर्दी झाली होती. रशियन शास्त्रज्ञ इव्हान पावलॉव्ह यांच्या प्रयोगशाळेतल्या कुत्र्यांचं सगळं गणित या क्रमावरच होतं: खूण आधी, खाणं नंतर. त्यांना १९०४ साली नोबेल मिळालं ते पचनावरच्या कामासाठी, पण काकूंच्या स्वयंपाकघरात उपयोग झाला तो क्रमाचा.

मग नव्याने सुरुवात. बाल्कनीजवळ सतरंजीची घडी, पाय घसरू नयेत म्हणून. काकूंनी पाठीमागून कंगवा काढला आणि तीन हातांवर जमिनीवर ठेवला. चिकूने त्याच्याकडे पाहिलं. त्यानंतरच पनीर. कंगवा पुन्हा पाठीमागे, पनीर बंद. दहा वेळा, बस. पाचव्या दिवशी कंगवा दिसताच त्याने मान वळवून काकूंच्या वाटीकडे पाहिलं. मी याच क्षणाची वाट बघत होते. तोपर्यंत कंगवा अंगाला टेकवायचा नाही. पुढे कंगव्याची पाठ खांद्याला, मग दाते, मग एकदाच हलकेच विंचरणं, आणि कानाची पाळी सगळ्यात शेवटी. तो सतरंजीवरून उतरला की त्या दिवसाचं काम संपलं, मागून ओढून आणायचं नाही. काकांना हे पटत नव्हतं. “म्हणजे त्याचंच राज्य?” मी म्हटलं, काका, उठून जायची मुभा आहे हे कळलं की तो जास्त वेळ बसेल. तिसऱ्या आठवड्यात तो सलग चार मिनिटं बसला. काका घड्याळ लावून बसले होते.

‘घाबरल्यावर जवळ घेतलं तर भीतीची सवय लागते’ हे कुठून आलं कोण जाणे. तो येऊन मांडीत शिरला तर खुशाल घ्या.

ड्रायर आम्ही सोडूनच दिला. माणसाला २०,००० हर्ट्झपर्यंत ऐकू येतं, कुत्र्याला साधारण ४५,०००पर्यंत. त्या यंत्राचा आवाज त्याला कसा लागत असेल ते आपल्या कानांना कळायचं नाही. जुने सुती पंचे आणि उन्हातली बाल्कनी पुरते. केसही आखूडच ठेवायचे ठरलं. काकूंनी फोटोतला लांब केसांचा चिकू मनातून काढायला वेळ घेतला.

दुकानात तो अजून जात नाही. एक ताई घरी येऊन कात्रीने काम करतात, चेहऱ्याचं दोन बैठकांत. नखं काका कापतात, नुसतं टोक, रोज दोनच. नखं अठरा, म्हणजे नऊ दिवसांत एक फेरी. स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर दुधाच्या हिशेबाशेजारी आता काकांच्या अक्षरात ‘उ. पु. २’ असं लिहिलेलं असतं. उजवा पुढचा, दोन नखं.