नवीन सेक्रेटरीसाठी थोडंसं

अरे अभिनंदन, पण सोसायटीचा हिशोब, पार्किंग हे सगळं शिकशील हळूहळू, मी आमच्या ठाण्यातल्या सोसायटीत नऊ वर्षं कमिटीवर आहे म्हणून आधी वेगळंच सांगते. घरकामाच्या ताया, सफाईवाले, डिलिव्हरीची पोरं यांना वेगळी लिफ्ट असा बोर्ड असेल तर पहिल्या मीटिंगलाच काढायला लाव. लोक म्हणतील स्वच्छतेसाठी आहे, पण मग आपला कुत्रा कुठल्या लिफ्टने जातो ते विचार त्यांना!

भाडेकरूचं आडनाव ऐकून "आम्ही फॅमिलीच घेतो" म्हणणारे भेटतीलच. तिथे गप्प बसू नकोस, मी एकदा बसले होते आणि ते दोघं नवराबायको जिना उतरून गेले ते अजून डोळ्यासमोर आहे.

आणि टाकी. ड्रेनेज तुंबलं की कुणीतरी म्हणेल दोन पोरं बोलाव, उतरतील. अजिबात नाही! २०१९ च्या मे महिन्यात ढोकाळीला एका सोसायटीच्या सांडपाणी प्रकल्पात उतरलेले तीन कामगार गुदमरून गेले, आपल्याच ठाण्यात. हाताने मैला साफ करायला बंदी घालणाऱ्या २०१३ च्या कायद्याने सुरक्षेच्या साधनांशिवाय माणूस आत उतरवणं गुन्हा आहे, पहिल्यांदाच २ वर्षांपर्यंत कैद किंवा २ लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. मशीनवाली गाडीच बोलव, खर्च वाढला तर मेंटेनन्समध्ये घाल.

सफाईवाल्या दादांचं नाव विचारून घे उद्या, आणि चहा आपल्याच कपात दे.