चहा कधी गार झाला होता?

"मॅडम, कशातच मन रमत नाही." निवृत्त होऊन वर्षभर झालेली माणसं माझ्यासमोर बसली की बहुतेकदा हेच वाक्य येतं. पेन्शन आहे, मुलं मार्गी लागलीत, तरी दिवस खायला उठतो.

पुण्यातले एक काका असेच आले (ओळख कळू नये म्हणून तपशील बदललेत). झोप-भूक कशी आहे, ते मी आधी विचारून घेतलं. ती दोन आठवड्यांहून जास्त बिघडली असेल किंवा जगणं नकोसं वाटत असेल, तर छंद शोधत बसायचं नाही, थेट मानसोपचारतज्ज्ञांकडे जायचं. काकांचं तसं नव्हतं.

"हास्यक्लब झाला, पेटीचा क्लास लावला. पंधरा दिवसांत कंटाळा."

"पेटीच का?"

"मुलगी म्हणाली, बाबा, मन गुंतवा कशात तरी."

दोन भेटी मी "तुम्हाला आवडतं काय?" हेच विचारत राहिले. उत्तर एकच, "तसं काही नाही." तिसऱ्या भेटीत प्रश्न बदलला. "समोरचा चहा गार झाला आणि तुम्हाला कळलंच नाही, असं कधी झालंय?"

काका बराच वेळ गप्प. मग म्हणाले, "पंधरा वर्षांचा असेन. मामाच्या सायकलच्या दुकानात चाकाचा आउट काढायचो." बोलता बोलता हात हलू लागले. चाक फिरवायचं, रिमजवळ खडू धरायचा. रिम जिथे बाहेर येते तिथेच रेघ उमटते. तिथला पलीकडच्या बाजूचा स्पोक पाव फेरा आवळायचा, पुन्हा फिरवायचं. "घाई केली की आउट दुसरीकडे जातो, मॅडम!" इतक्या दिवसांत पहिल्यांदाच ते मला काहीतरी शिकवत होते.

माझ्या लक्षात आलं, की 'काय आवडतं' विचारलं की माणूस स्वतःच्या मनात डोकावतो आणि तिथे आधीच सुनं सुनं असतं. मन रमतं ते स्वतःवरची नजर उठते तेव्हा. मिहाय चिक्सेंटमिहाय या मानसशास्त्रज्ञांनी चित्रकार, गिर्यारोहक, बुद्धिबळपटू यांच्या तंद्रीचा अभ्यास केला. मी त्यांच्याच वाटेने जाते. करायचं काय ते स्पष्ट हवं, जमलं की चुकलं ते लगेच दिसायला हवं आणि काम आपल्या कुवतीपेक्षा किंचितच अवघड हवं. ठिपक्यांच्या रांगोळीत हे आहे, मोदकाच्या कळ्यांत आहे, गोधडीच्या टाक्यात आहे. टीव्हीत नाही. आणि मूड येण्याची वाट पाहू नका. फोन दुसऱ्या खोलीत ठेवून बसा. पहिली दहा-पंधरा मिनिटं मन अडून बसतं, तेवढी काढा.

काकांच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये एक जुनी सायकल गंजत पडली होती. मालकाला विचारून त्यांनी ती घेतली.

सहाव्या भेटीला ते आले तेव्हा नखांत काळं ग्रीस होतं. "पुढचं चाक झालं. बत्तीस स्पोक. मागच्याला चाळीस आहेत, त्याला वेळ लागेल," म्हणाले आणि पुढची तारीख जरा लांबची मागितली.