परवाना बंदुकीचा, मांडणी काडतुसांच्या कारखान्याची

प्रश्न : आमची शेती वसमत तालुक्यात, हळद आणि सोयाबीन. आजोबांच्या काळापासून घरात बारा बोअरची दुनळी बंदूक आहे आणि परवाना आता माझ्या नावावर आहे. रानडुकरं हळदीचे वाफे उकरून टाकतात. काडतुसं महाग झालीत, नांदेडला गेलं तर कधी मिळतात, कधी नाहीत. भाचा टेक्सासला असतो. तिथं तो झाडलेली काडतुसं गॅरेजात बसून स्वतः पुन्हा भरतो. दिवाळीला आला तेव्हा हातानं दाबायचं लहान यंत्र बॅगेतून घेऊन आला. मी शेतातल्या आखाड्यावर सागवानी टेबल करून घेतलं आणि त्यावर ते यंत्र, व्हाइस आणि वजनकाटा बसवला. रिकाम्या पुंगळ्या जमवून ठेवल्यात. आजोबांच्या पेटीत ठासणीच्या बंदुकीच्या काळातला बारुदीचा, म्हणजे बंदुकीच्या दारूचा, एक डबा आणि ती पेटवायच्या टोप्या निघाल्या, त्याही तिथंच ठेवल्या. अजून एकही काडतूस भरलेलं नाही. पण बांधावरून ज्याच्याशी वाद आहे तो शेजारी टेबलाचा फोटो काढून गेला आणि आता पोलिसात द्यायची भाषा करतोय. परवाना माझा, काडतुसं माझ्यापुरती, विकायची नाहीत. यात गुन्हा कसला? आणि आता करू काय?

उत्तर : भाऊ, ‘एकही काडतूस भरलेलं नाही’ हे तुमच्या पत्रातलं सगळ्यात मोलाचं वाक्य आहे. ते खरं असेल तर खरंच राहू द्या. आजपासून त्या टेबलाला हात लावू नका.

तुमची गल्लत कुठं झाली ते आधी पाहू. बंदुकीचा परवाना हातात आला की बंदुकीशी संबंधित सगळंच चालतं, असा समज गावोगाव आहे. शस्त्र अधिनियम, १९५९ तसं मानत नाही. कलम ३ बंदूक आणि दारूगोळा मिळवण्याचं व बाळगण्याचं आहे. तुमचा परवाना त्याखालचा. कोणत्या बोअरची किती काडतुसं एका वेळी जवळ ठेवता येतील आणि वर्षाला किती घेता येतील, हे त्यावर लिहिलेलं असतं. दारूगोळा बनवण्याचं कलम वेगळं, ते ५. त्याचा परवानाही वेगळा, आणि तो डोळ्यासमोर कारखाना ठेवून दिला जातो. आखाड्यावरच्या टेबलासाठी तो मिळेल या आशेवर अर्ज लिहायला बसू नका. नेमबाजी खेळणाऱ्यांना दारूगोळ्याबाबत काही सवलती आहेत, पण त्या खेळाडूंच्या. पिकाच्या राखणीसाठी बंदूक ठेवणाऱ्याला त्यांचा उपयोग नाही.

‘विकायची नाहीत’ हा तुमचा मुख्य आधार, आणि तोच सगळ्यात कच्चा आहे. भाच्याचं त्याच्या जागी बरोबर आहे. अमेरिकेत स्वतःच्या वापरापुरती काडतुसं घरी भरायला केंद्राचा परवाना लागत नाही. धंदा म्हणून बनवून विकायची तर लागतो. आपल्याकडे कलम ५ मध्ये निर्मिती आणि विक्री हे दोन शब्द शेजारी शेजारी, पण सुटे आहेत. विक्री नसली तरी निर्मिती उरतेच. आणि झाडलेल्या पुंगळीत नवी टोपी, दारू आणि छर्रे भरले की जे तयार होतं त्याला सरकारी वकील ‘दुरुस्ती’ म्हणणार नाही. म्हटलं तरी सुटका नाही, कारण दुरुस्ती हा शब्दही त्याच कलमात आहे. विनापरवाना निर्मितीला पूर्वी तीन ते सात वर्षं शिक्षा होती. २०१९ च्या कायदादुरुस्तीनं ती किमान सात वर्षं आणि कमाल जन्मठेप झाली. डिसेंबर २०१९ पासून हेच लागू आहे. डुकरापायी एवढी जोखीम कोणी घेऊ नये.

आता टेबलावरच्या वस्तू एकेक करून पाहू, कारण पंचनामाही तसाच होईल. सागवानी टेबल, व्हाइस, वजनकाटा यांत काही नाही. व्हाइस प्रत्येक लोहाराकडे असतो, काटा प्रत्येक सराफाकडे. अडचण यंत्राची आहे. शस्त्र अधिनियमातली दारूगोळ्याची व्याख्या लोकांना वाटते त्यापेक्षा फार रुंद आहे. नुसतं भरलेलं काडतूस नव्हे, दारूगोळ्याचे सुटे भाग आणि तो बनवण्याची यंत्रसामग्रीसुद्धा त्या व्याख्येत ‘दारूगोळा’च आहे. म्हणजे बारुदीचा कणही न लागलेलं ते कोरं यंत्र कायद्याच्या नजरेत काडतुसांच्या पंक्तीत बसतं. तुमच्या परवान्यावर ते नाही, असणारही नाही. भाच्यानं ते देशात आणलं त्यालाही कलम १० लागतं. स्वतःच्या खाजगी वापरासाठी वाजवी प्रमाणात आणलेल्या वस्तूंना तिथं सूट आहे, पण मामासाठी आणलेलं यंत्र ‘स्वतःच्या वापराचं’ ठरवणं अवघड.

पुंगळ्यांची गोष्ट निराळी आहे आणि इथं कायदा तुमच्या बाजूनं थोडा झुकतो. कलम ४५ चा (डी) खंड सांगतो की शस्त्राचे किंवा दारूगोळ्याचे किरकोळ भाग बाळगले आणि पूरक भागांबरोबर ते वापरण्याचा हेतू नसला, तर हा अधिनियम लागू होत नाही. शोकेसमध्ये आठवण म्हणून ठेवलेली रिकामी पुंगळी या खंडामुळे निर्धोक आहे. पण त्याच वाक्याचा शेवट वाचा : पूरक भाग तुमच्याकडे किंवा दुसऱ्या कोणाकडे असले आणि दोन्ही एकत्र वापरण्याचा हेतू असला, की सूट संपली. तुमच्या टेबलावर पुंगळ्या, टोप्या, दारू आणि यंत्र एका हाताच्या अंतरावर आहेत. शेजाऱ्याच्या फोटोत नेमकं हेच आलं असणार. सुट्या वस्तूंचा बचाव त्या मांडणीनं पातळ केला.

तरीही आज तुमच्यावर निर्मितीचा गुन्हा टिकू नये, असं माझं मत आहे. नुसती तयारी आणि प्रयत्न यांत फौजदारी कायदा फरक करतो. एकाही पुंगळीत टोपी बसवलेली नसेल तर गोष्ट तयारीवर थांबली, असं ठामपणे मांडता येतं. बाळगण्याचा मुद्दा मात्र उरतो. कलम २५(१-ब)(ए) खाली त्याला दोन ते पाच वर्षं आणि दंड आहे. ‘बारा बोअरची काडतुसं ठेवायचा परवाना आहे, मग त्याचे भाग का नाहीत?’ हा युक्तिवाद कोर्टात करता येईल, मीही करेन. पण त्या भरवशावर सामान घरात ठेवा, असं सांगणार नाही. गुन्हा दखलपात्र आहे, म्हणजे पोलीस वॉरंटाशिवाय अटक करू शकतात. फक्त बाळगण्याचं कलम लागलं तर शिक्षा सात वर्षांच्या आतली असल्यानं भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३५(३) खाली आधी हजर राहण्याची नोटीस यायला हवी. निर्मितीचं कलम जोडलं की ही ढाल राहत नाही, आणि तक्रारदार चिडलेला असला की कलमं जोडली जातात. म्हणून अटकपूर्व जामिनाचा मसुदा वकिलाकडे तयार असू द्या. दाखल करायची वेळ बहुधा येणार नाही.

आजोबांच्या डब्याची मला सगळ्यात जास्त काळजी वाटते, आणि ती निव्वळ कायद्याची नाही. निजामाच्या अमदानीतल्या बंदुका मराठवाड्यातल्या वाड्यांत बऱ्याच होत्या. पुढं १ ऑक्टोबर १९६२ ला आजचा अधिनियम लागू झाला, ठासणीच्या बंदुका गेल्या, दारूचे डबे माळवदावर राहिले. ही काळी दारू ठिणगीलाही पेट घेते आणि त्या टोप्या ठोक्यानं उडतात. तुमच्या परवान्यावर दुनळी बंदूक आहे, तेव्हा सुटी दारू आणि टोप्या त्यात येत नाहीत. शिवाय स्फोटकांचे कायदे वेगळे आहेत. स्फोटक पदार्थ अधिनियम, १९०८ च्या कलम ५ मध्ये संशयास्पद ताब्याला दहा वर्षांपर्यंत शिक्षा आहे. डबा उघडू नका, हलवू नका, विहिरीत टाकू नका, बांधावर नेऊन पेटवून तर अजिबात देऊ नका. जीव जाईल आणि वर पुरावा नष्ट केल्याचा आरोप येईल. आखाड्यावर कोणी चूल किंवा बिडी पेटवणार नाही एवढं पाहा, गड्यांना तिथून लांब ठेवा.

करायचं ते असं. उद्याच हिंगोली किंवा वसमतच्या फौजदारी वकिलाला गाठा आणि त्यांच्याकडून ठाणे अंमलदारांच्या नावे अर्ज लिहून घ्या. कलम २१ असं सांगतं की, ज्याचा ताबा कोणत्याही कारणानं बेकायदेशीर ठरतो ते शस्त्र किंवा दारूगोळा विनाविलंब ठाण्यात जमा करावा. अर्जाचा पाया तोच. यंत्र, पुंगळ्या, टोप्या, डबा यांची यादी, कोणती वस्तू कुठून आली ते दोन ओळींत, आणि डबा जुना व धोकादायक असल्यानं पोलिसांनी जागेवर येऊन तो ताब्यात घ्यावा ही विनंती. मोटारसायकलवर डबा बांधून ठाण्यात जाऊ नका. अर्जात खोटं एक अक्षर नको आणि गरजेपेक्षा जास्तही नको. हेतूबद्दल निबंध लिहायची गरज नाही, म्हणूनच मसुदा वकिलाचा असावा. पोच घ्या, तारीख-शिक्क्यासकट.

त्याच अर्जाची प्रत त्याच दिवशी जिल्हाधिकारी कार्यालयाच्या शस्त्र परवाना शाखेत द्या. कारण असं की, कलम ३ च्या गुन्ह्याचा खटला जिल्हादंडाधिकाऱ्यांच्या पूर्वमंजुरीशिवाय चालवता येत नाही, हे कलम ३९ मध्ये आहे. जिल्हाधिकारी तेच, परवाना देणारे आणि रद्द करणारेही तेच. शेजाऱ्याचा फोटो त्यांच्या फाइलला लागेल तेव्हा त्याखाली आधीच्या तारखेचा तुमचा अर्ज असला, तर सगळं प्रकरण वेगळं दिसतं. फोटो फाइलला लागल्यावर चार दिवसांनी दिलेला अर्ज मात्र पकडले गेल्यावरची धावपळ वाटतो.

परवान्यावर आंच येऊ शकते. कलम १७ खाली तो निलंबित किंवा रद्द करता येतो आणि बीडमध्ये परवान्यांची जी मोठी छाननी झाली, त्यानंतर मराठवाड्यातली कार्यालयं या बाबतीत कडक झाली आहेत. कारणे दाखवा नोटीस आली तर मुदतीत लेखी उत्तर द्या. आदेश विरोधात गेलाच तर ३० दिवसांत छत्रपती संभाजीनगरच्या विभागीय आयुक्तांकडे अपील आहे आणि त्यावर उच्च न्यायालयाचं खंडपीठ.

शेजाऱ्याला भेटून ‘मिटवून घेऊ’ म्हणू नका. तुमचा अर्ज गेला की त्याच्या हातात काही राहत नाही. फोटोच्या बदल्यात त्यानं बांध सरकवायला किंवा पैसे द्यायला सांगितलं तर ते मेसेज जपून ठेवा. ती खंडणी आहे, भारतीय न्याय संहितेचं कलम ३०८. बांधाचा निकाल भूमी अभिलेखच्या मोजणीनं लागू द्या.

राहिली डुकरं. काडतुसं कमी पडत असतील तर परवान्यावरची मर्यादा वाढवून मिळण्यासाठी जिल्हाधिकाऱ्यांकडे अर्ज करा, सोबत पीकनुकसानीचे पंचनामे जोडा. खडकीच्या कारखान्यातली काडतुसं नांदेडला नसतील तर संभाजीनगरच्या परवानाधारक विक्रेत्याकडे चौकशी करा आणि खरेदीची नोंद परवान्यावर करून घ्या. पण बंदुकीचा परवाना म्हणजे डुक्कर मारायचा परवाना नव्हे. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ प्रमाणे त्याला वन विभागाची परवानगी लागते. नुकसानभरपाईचा अर्जही तिथंच करायचा, आणि तो तुम्ही आजवर केलेला नाही असं पत्रावरून दिसतं.

आणि भाच्याला फोन करून यंत्र परत न्यायला सांगण्याचा विचार मनात असेल तर सोडा. कलम १० आणण्याइतकंच नेण्यालाही लागू आहे, आणि विमानतळावर बॅग उघडली गेली तर तिघांचं प्रकरण होईल : तुमचं, त्याचं आणि ज्या बहिणीच्या घरी ती बॅग भरली तिचं. यंत्र ठाण्यातच जाऊ द्या.