हात मागे ओढू नका

मागच्या अंकात ‘पकडीतून सुटका’ या विषयावर प्रश्न मागवले होते. पत्रं भरपूर आली. मी सांगलीत ज्युदो शिकवते, त्यामुळे उत्तरं मॅटवरची आहेत. सगळ्यांसाठी एक गोष्ट आधीच सांगून टाकते : खालचं प्रत्येक तंत्र सुटून पळण्यासाठी आहे. समोरच्याला लोळवायची हौस असेल तर रीतसर क्लासला नाव घाला आणि काही वर्षं घाम गाळा.

ताई, मनगट धरलं की अंगठ्याच्या बाजूने झटका द्यायचा, असं व्हिडिओत पाहिलं. मोठ्या भावाबरोबर करून बघितलं तर हात हलतसुद्धा नाही. दादा हसतो. माझं काय चुकतंय?
– एक विद्यार्थिनी, लातूर

दादाला हसू दे. व्हिडिओतलं खरं आहे, पण अर्धंच. मुठीत एका बाजूला चार बोटं असतात आणि दुसरीकडे एकटा अंगठा. मूठ उघडते ती या दोघांची टोकं भेटतात तिथेच. आता स्वतःचं मनगट नीट बघ. ते गोल नाही, चपटं आहे. दाराच्या फटीतून पाट आडवा निघत नाही, उभा करावा लागतो; तसं मनगट आधी वळवून त्याची अरुंद कड त्या फटीसमोर आणायची. तू बहुधा रुंद बाजूनेच झटके देतेयस.

दुसरं, तू हात मागे ओढत असणार. सगळेच ओढतात. ओढलं की तुझा दंड त्याच्या दंडाशी भिडतो आणि त्यात तू हरणार. त्याऐवजी कोपर दुमड, अंगाजवळ आण आणि एक पाऊल त्याच्याकडे टाकत ते कोपर त्याच्या कोपराच्या दिशेने घाल. मनगट फटीतून वर निसटतं. जोर हाताचा लागत नाही, कमरेचा आणि पावलाचा लागतो.

वळवायचं कुठे, ते त्याचा अंगठा सांगतो. समोरासमोर उभं राहून त्याने उजव्या हाताने तुझं डावं मनगट धरलं, तर अंगठा बहुतेक वेळा आत, तुझ्या पोटाच्या बाजूला येतो. मग हात स्वतःच्या उजव्या खांद्याकडे न्यायचा. उजवं मनगट धरलं तर अंगठा बाहेर येतो, म्हणून सुटका बाहेरच्या बाजूने. दोन्ही हातांनी एकच मनगट धरलं असेल तर मोकळा हात त्याच्या दोन हातांच्या मधून घाल, आपलीच मूठ पकड आणि पाऊल टाकत ती खांद्याकडे खेच.

राहिला दादा. त्याला तू काय करणार हे आधीच ठाऊक असतं आणि तो तयारीत उभा असतो. रस्त्यावरचा माणूस तुला ओढत नेण्याच्या नादात असतो. म्हणून आधी त्याचं लक्ष उडवायचं : नडगीवर लाथ, चेहऱ्यावर पंजा, नाहीतर कानाशी जोरात ओरडणं. लगेच त्याच दमात मनगट. दादाला सांग, सुरुवातीला हलकं धर, मग रोज थोडं घट्ट. अजिबात सैल न धरणारा जोडीदार मिळणं ही चैन आहे, त्याच्याशी भांडू नकोस.

मी सरकारी दवाखान्यात नर्स आहे. भ्रमात असलेले पेशंट कधी मनगट, कधी वेणी धरतात. त्यांना इजा करता येत नाही. काय करावं?
– एक परिचारिका, सोलापूर

या पत्राने मला विचार करायला लावला, कारण इथे लाथ-बुक्की बाद. मनगटाचं वर सांगितलंय तेच, फक्त झटका न देता, सावकाश वळवत आणि त्यांच्याशी बोलत राहून.

केसांचं वेगळं आहे. केस धरले की माणूस मान मागे ओढतो आणि कळ दुप्पट होते. दोन्ही तळहात त्या पेशंटच्या मुठीवर ठेवून ती आपल्या डोक्यावरच घट्ट दाबा. मूठ आणि डोकं एकत्र हललं की मुळांना ताण बसत नाही. मग गुडघे वाकवून त्यांच्या दिशेने सरका आणि सहकाऱ्याला हाक मारा. तिने एकेक बोट उलगडायचं, सुरुवात करंगळीपासून. उलगडायचं म्हटलंय, मोडायचं नाही.

त्याहून मोठं काम ड्यूटीवर जाण्यापूर्वीचं. वेणी नको, अंबाडा. स्टेथोस्कोप गळ्यात नको, खिशात. ओळखपत्राची दोरी ओढली की सुटणाऱ्या क्लिपची घ्या. साधी नाड्यासारखी दोरी म्हणजे आपणच समोरच्याला दिलेला गळफास. खाटेजवळ उभं राहताना दार तुमच्या पाठीशी असावं, पेशंटच्या पाठीशी नव्हे.

शुद्धीत असलेल्या नातेवाइकाने हात टाकला तर गोष्ट निराळी. वैद्यकीय कर्मचाऱ्यांवरच्या हल्ल्यांसाठी महाराष्ट्रात 2010 पासून स्वतंत्र कायदा आहे. समजूत घालून मिटवा, असं वरून कितीही सांगितलं तरी लेखी तक्रार द्या.

माझी उंची 4 फूट 10 इंच. कुणी मागून कवेत घेऊन उचललं तर मी काय करणार?
– एक वाचक, चिपळूण

उचलू द्यायचं नाही. पाठीवर स्पर्श झाल्याक्षणी पाय फाकवून खाली बसल्यासारखं व्हा. बुटकं असणं इथे कामी येतं, तुमचं वजन आधीच खाली असतं. कंबर एका बाजूला सरकवा, टाच त्याच्या पायाच्या पंजावर हाणा, एकच बोट पकडून उलटं वळवा. पाय जमिनीवरून सुटलेच तर आपला एक पाय त्याच्या पायामागे अडकवा. अडकलेला पाय असताना उचलून चालता येत नाही.

हात गळ्याभोवती आला तर मात्र बाकी सगळं सोडा. मानेच्या रक्तवाहिन्या दाबल्या गेल्या की काही सेकंदांतच शुद्ध जाते, ज्युदोत आम्ही हे जवळून पाहतो. हनुवटी त्याच्या कोपराच्या खोबणीकडे वळवून खाली दाबा, दोन्ही हातांनी त्याच्या मनगटाला लोंबकळा, मग टाच. आणि सुटल्यावर, गळ्यावर वळ नसला तरी, डॉक्टरांकडे जाच. आतली सूज उशिरा त्रास देते.

उंचीबद्दल आणखी एक. लंडनमध्ये 1913च्या सुमारास मताधिकारासाठी लढणाऱ्या बायकांना जुजुत्सू ही जपानी झुंजकला शिकवणारी एडिथ गॅरड पाच फुटांहूनही बुटकी होती. पोलिसांच्या हातून आपल्या नेत्या सोडवायला बायकांचं एक पथक उभं राहिलं होतं, त्याला तिने तयार केलं.

मुलीला कराटे, ज्युदो की क्राव मागा (इस्रायली स्वसंरक्षण पद्धत)?
– एक पालक, पुणे

पाटीवर काय लिहिलंय ते बघू नका, तास बघायला बसा. मुलं एकमेकांना खरोखर धरतात, ओढतात, विरोध करतात का? जिगोरो कानोंनी 1882 मध्ये ज्युदो सुरू केला तेव्हापासून रांदोरी, म्हणजे मोकळी झटापट, हा त्याचा गाभा आहे, म्हणून माझं मन तिकडे. पण हवेत हातवारे करणारा ज्युदो क्लासही असतो आणि चांगली झटापट घेणारा कराटे क्लासही. आणि पहिल्या दिवशी पडायला शिकवत नसतील तर फी परत मागा.

फिरायला जाताना मंगळसूत्र ओढलं तर हात कसा धरून ठेवायचा?
– वय 63, नाशिक

काकू, धरायचा नाही. तो गाडीवर असतो, तुम्ही फरफटत जाल. सोनं परत घेता येतं, खुब्याचं हाड जुळायला महिने जातात. समोरून गाड्या येतील अशा बाजूने चाला, पदर खांद्यावरून पुढे घेऊन पिन लावा, आणि खरं सांगू का, पहाटे खोटं मंगळसूत्र घाला.

उलट मारलं तर आमच्यावरच केस होईल का?
– दोन मैत्रिणी, कोल्हापूर

1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत स्वसंरक्षणाचा हक्क कलम 34 ते 44 मध्ये आहे. धोक्याची रास्त भीती वाटल्यापासून ती असेपर्यंत हक्क चालतो. मुख्य अट : बचावाला लागेल त्याहून जास्त इजा नको. बलात्कार, अपहरण, ॲसिडहल्ला अशा प्रसंगी हल्लेखोराचा जीव गेला तरी कायदा हा हक्क मान्य करतो. पण तो खाली पडला, तुम्ही मोकळ्या झालात आणि मग परत जाऊन लाथा घातल्यात, तर तो बचाव राहत नाही. 112 लावा, कुठल्याही पोलीस ठाण्यात तक्रार द्या, ते हद्दीचं कारण देऊ शकत नाहीत. वळ दिसताहेत तोवर फोटो काढून ठेवा.

चाकू असेल तर?
– पत्त्याविना कार्ड

पर्स एकीकडे फेका, तुम्ही दुसरीकडे पळा. पळायला जागाच नसेल तर खुर्ची, हेल्मेट, दप्तर, जे हाताशी येईल ते मध्ये धरा आणि दाराकडे सरकत राहा. चाकू हिसकावण्याचे व्हिडिओ मला पाठवू नका.